झोपाळीची राखण

मी फुलं दाबायची एक जुनी लाकडी चौकट आहे. मित्रांनो, मघाशी या खोलीत शिरल्या शिरल्या तुमच्यापैकी कुणीतरी ज्या फळ्यांवर पाण्याची बाटली टेकवली, त्या फळ्या माझ्या. मी रागावले नाही. दिसतेच मी तशी. खिडकीच्या दोन जुन्या झडपा एकावर एक ठेवून पट्ट्यांनी आवळाव्यात, असं माझं रूप आहे. बघणाऱ्याला वाटतं, कुठल्या तरी दुरुस्तीतून उरलेलं लाकूड असावं.

इथे मला सगळे 'प्रेस' म्हणतात. या नावापायी माझी फार फजिती झाली आहे. एकदा शेजारच्या कचेरीतले कारकून चुरगळलेला सदरा घेऊन आले आणि "जरा प्रेस करून मिळेल का?" असं अगदी अदबीने विचारू लागले. इथं काम करणाऱ्या, मला वापरणाऱ्या बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, माझे पट्टे सोडले आणि टीपकागदांच्या घडीत वाळत पडलेली फुलं दाखवली. कारकून बराच वेळ बघत राहिले. जाताना सदरा इथेच विसरून गेले.

ही खोली म्हणजे वाळलेल्या झाडांचं ग्रंथालय आहे. त्याला हर्बेरियम म्हणतात. भिंतीला लागून उभ्या असलेल्या या लोखंडी कपाटांत पुस्तकं नाहीत. जाड कागदांवर टाके घालून बसवलेली झाडं आहेत. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. झाडाचं नाव काय, ते कुठे उगवलं होतं, कधी आणि कुणी आणलं, एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं. कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि त्याच्या मागोमाग, फार हळू, गवताचा.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. तो बाईंचा थोरला भाऊ. बाई तेव्हा नुकत्याच इथे कामाला लागल्या होत्या. अंगाने किरकोळ, पण चालायला लागल्या की मागच्याची दमछाक व्हायची. भाऊ त्यांना चिंगी म्हणायचा.

"चिंगे, फुलं वाळवायचीच आहेत तर उन्हात टाक की," रंधा मारता मारता तो म्हणाला. "त्याला सागवान कशाला हवंय?"

"उन्हात ती गोळा होतात रे दादा. पानं चुरतात. नीट पसरून, कागदात घालून दाबली, तर शंभर वर्षं टिकतात."

"जिवंत असताना त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि मेल्यावर एवढी बडदास्त."

बोलला तो असं, पण त्याने माझ्यासाठी राखून ठेवलेलं चांगलं लाकूड काढलं. पट्ट्या उभ्या-आडव्या लावल्या, मधून हवा खेळेल अशी जागा सोडली, प्रत्येक कड घासून गुळगुळीत केली. लोखंडी खिळे गंजतील म्हणून पितळी लावले. दोन जाड कापडी पट्टे आणि त्यांना बकलं. सगळं झाल्यावर तो स्वतः माझ्यावर उभा राहिला, दोनदा उड्या मारल्या, आणि म्हणाला, "घे. ही तुझ्यापेक्षा जास्त जगेल."

त्यानंतरची माझी वर्षं डोंगरात गेली. आमच्या गावापासून जीपने अर्धा दिवस गेलं की वाळवंट लागतं, आणि वाळवंटाच्या मधोमध एक डोंगररांग आहे. लांबून ती निळी दिसते, जवळ गेलं की तांबडी. झाड म्हणाल तर कुठे नाही. पण एखाद्या वर्षी चुकून पाऊस झाला, की त्याच दगडांच्या फटींतून इवली इवली रोपं डोकी वर काढतात, घाईघाईने फुलतात आणि पंधरा-वीस दिवसांत वाळून जातात. बाई मला पाठीला बांधून तिथे जायच्या. जीपचा चालक, त्याला आम्ही मामा म्हणायचो, खाली सावलीत गाडी लावून झोपायचा.

बाई फूल खुडायच्या, कागदावर निजवायच्या, बोटाने एकेक पान सरळ करायच्या. मग त्यावर टीपकागद, त्यावर पुन्हा कागद, आणि शेवटी माझे पट्टे करकचून ओढायच्या. मित्रांनो, त्या घटकेला मला काय वाटायचं ते सांगणं कठीण आहे. फुलांचा ओलावा हळूहळू कागदांत उतरायचा, कागदांतून माझ्या लाकडात यायचा, आणि त्या ओलाव्याबरोबर त्यांनी पाहिलेलंही माझ्यात झिरपायचं. ढगाची एक सावली दगडावरून सरकत जाते. मुंगी देठावरून चढते आणि अर्ध्यातून परत फिरते. एका थेंबाच्या आत उलटा डोंगर दिसतो. जीपच्या मागच्या बाकावर हिंदकळत असताना मी अशी शेकडो फुलांची स्वप्नं पाहिली आहेत. जागी कोण आणि झोपलेलं कोण, हे मला तेव्हाही कळत नसे.

त्या सगळ्यांत बाईंचा जीव एका फुलावर जडला होता. त्याचं पुस्तकी नाव इतकं लांब आहे की चिठ्ठीच्या दोन ओळी त्यातच संपतात. बाईंनी त्याला झोपाळी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे सगळेच म्हणू लागले. झोपाळी वीतभर उंचीची. दिवसभर कळ्या मिटून मान खाली घालून उभी असते. ऊन उतरलं की एक कळी उघडते, पांढरीशुभ्र. सकाळपर्यंत ती गुलाबी होते आणि गळून पडते. फूल गळलं की तिथे एक बोंड धरतं, बोंडात काळं बी तयार होतं, आणि बी पडलं की झाड वाळतं. ते बी मग वाळूत झोपून राहतं. मनासारखा पाऊस येईपर्यंत ते डोळा उघडत नाही, मग मध्ये कितीही वर्षं जावोत.

कपाटात झोपाळीचे जुने कागद होते. बाई ते टेबलावर ओळीने मांडून बघत बसायच्या. फार पूर्वी ही फुलं डोंगररांगेच्या प्रत्येक घळीत सापडत असत. पुढचे कागद कमी कमी घळींतले होते. शेवटचे काही तर सगळे एकाच उताराचे, आणि तेही बाईंच्या वयाएवढे जुने.

हर्बेरियमचे प्रमुख होते सर. उंच, वाकलेले, कोटाला कायम डांबरगोळ्यांचा वास. बोलणं थोडं आणि तोलून मापून. तरुणपणी तेही डोंगर तुडवत होते, पण कंबर धरल्यापासून त्यांनी खुर्ची सोडली नव्हती. बाईंना कामाचं सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी वाकवला नाही.

"डोळ्यांनी पाहिलेलं गप्पांना पुरतं, बाई," ते म्हणत. "नोंदीला झाड लागतं. उद्या कुणीही येऊन कपाट उघडलं, तर त्याच्या हातात देता आलं पाहिजे."

मग एका वर्षी ठरलं की डोंगररांगेतून रुंद रस्ता जायचा. पलीकडच्या खाणीतून दगडांच्या गाड्या आणायच्या होत्या. रस्त्याच्या खात्याकडून सरांना विचारणा आली की रस्ता जाणार त्या खिंडीत जपण्यासारखं काही उगवतं का. सरांनी जुने कागद दाखवले. खात्याचे इंजिनिअर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी कागद नीट पाहिले आणि म्हणाले, "सर, हे सगळं माझ्या जन्माआधीचं आहे. आज तिथे काही असेल तर दाखवा, मी वर कळवतो. नसेल तर मी दगडधोंडे वाचवण्यासाठी रस्ता वळवू शकत नाही."

योग असा की त्याच महिन्यात डोंगरावर पाऊस झाला. बाईंनी मला पाठीला बांधलं आणि निघाल्या.

शेवटच्या कागदांवरचा तो उतार त्याच खिंडीत होता; तो आम्ही दोन दिवस धुंडाळला. बाई दगडामागून दगड बघत होत्या. दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं होतं, त्या थकून एका खडकाला टेकल्या, आणि समोर खडकाच्या पायथ्याशी काहीतरी पांढरं उघडायला लागलं. अगदी हळू. आधी एक कड, मग दुसरी. बाईंनी श्वास रोखून धरला होता हे मला कळलं, कारण माझे पट्टे त्यांच्या छातीवर होते आणि ते हलत नव्हते.

एकच रोप होतं. त्यांनी आजूबाजूची सगळी जमीन गुडघ्यांवर रांगत तपासली. दुसरं नव्हतं.

मग त्यांनी मला पाठीवरून उतरवलं. पट्टे सोडले. कागद उघडून तयार ठेवला. मी वाट पाहत होते. ज्या कामासाठी मला घडवलं होतं, त्यातलं सर्वांत मोलाचं काम आज माझ्या हाती येणार होतं. ते रोप माझ्यात आलं असतं, तर सरांना नोंद करता आली असती, रस्ता कदाचित वळला असता, उतार वाचला असता. फक्त त्या उतारावर जपण्यासारखं जे होतं, ते माझ्या कागदांत असतं.

बाई रोपाशी बसून राहिल्या. अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनी कागद परत आत ठेवला, माझे पट्टे रिकामेच आवळले, रोपाभोवती दगडांचं छोटं कुंपण रचलं आणि आम्ही खाली उतरलो. मामाने विचारलं, "मिळालं का?" बाई म्हणाल्या, "हो." मामाने मला उचलून गाडीत ठेवलं तेव्हा मी रिकामीच आहे हे त्याला वजनावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः माझी बकलं सोडली. एक टीपकागद उचलला, दुसरा उचलला, शेवटपर्यंत गेले.

"बाई, हे काय?"

"रिकामी आहे, सर."

"सापडली नाही?"

"सापडली. एकच होती."

"मग?"

"एकच होती म्हणून."

सरांनी चष्मा काढला आणि कोटाच्या टोकाने पुसला. काच स्वच्छ झाल्यावरही पुसतच राहिले. "निदान एखादं फूल?"

"एक फूल म्हणजे एक बोंड, सर. कळ्याच मुळात दहा-बारा."

"फोटो?"

"काढलेत."

"फोटोत फूल दिसेल, डोंगर दिसणार नाही. इंजिनिअर म्हणतील, कुंडीतलं आहे." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुम्ही खोटं बोलणार नाही हे मला माहीत आहे. पण मी नोंद कशाच्या जोरावर करू?"

बाईंनी माझा एक पट्टा घट्ट ओढला. मग म्हणाल्या, "सर, ते रोप तसंही वाळणारच आहे. बी पडलं की आपण ते घेऊ. तोवर कुणीतरी तिथे बसायला हवं. खाली शेळ्या फिरतात, आणि मोजणीची माणसं आता कधीही येतील."

"म्हणजे राखण करायची? वीतभर रोपाची?"

"मी एकटी बसेन. पण उद्या माझ्या एकटीच्या शब्दावर पुन्हा तुम्हालाच प्रश्न पडेल. तुम्ही चला."

"माझी कंबर बघताय ना?"

"मामा गाडी अर्ध्यापर्यंत नेतो म्हणालाय. पुढे माझ्या खांद्याला धरा."

सर उठले, खुंटीवरून टोपी काढली, तिच्यावरची धूळ झटकली. ती धूळ कितीतरी वर्षांची होती.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुंदर. तो चढ चढताना सर दर दहा पावलांवर थांबत आणि थांबायला कारण म्हणून एखाद्या दगडाचं कौतुक करत. वर पोचलो तेव्हा बाई आधी धावत पुढे गेल्या. रोप होतं. दगडांचं कुंपण एका बाजूने ढासळलं होतं, आणि वाळूत शेळीच्या खुरांचे ताजे ठसे होते.

सरांनी ठसे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "ती प्रेस द्या इकडे," ते म्हणाले. त्यांनी माझे पट्टे पूर्ण काढले, कागद बाजूला ठेवले, आणि माझ्या दोन्ही फळ्या रोपाच्या दोन बाजूंना वाळूत उभ्या रोवल्या. पट्ट्यांनी वरून एकमेकींना बांधल्या. उरलेल्या दोन बाजूंना दगड लावले.

आजवर मी फुलांना नेहमी आडवी भेटले होते, अंधारात, दाबून धरताना. आता पहिल्यांदाच मी उभी होते आणि माझ्या दोन फळ्यांमध्ये एक फूल जिवंत श्वास घेत होतं. वारा माझ्या फटींतून गाळून तिच्यापर्यंत जायचा. दुपारी तिच्यावर माझ्या पट्ट्यांची जाळीदार सावली पडायची. ऊन उतरलं की एक कळी उघडायची. मग कुठून कोण जाणे, एक करडा पतंग यायचा, माझ्या कडेवर क्षणभर बसायचा, आणि आत उतरायचा.

बाई आणि सर खडकाच्या आडोशाला सतरंजी टाकून बसत. स्टोव्हवर चहा व्हायचा. सरांना बिनसाखरेचा लागायचा आणि बाई दर वेळी विसरून साखर घालायच्या. सकाळी गळून पडलेलं गुलाबी फूल बाई चिमटीने उचलून टीपकागदात ठेवायच्या. दर दोन दिवसांनी मामा पाणी घेऊन यायचा आणि रोप अजून जागेवर आहे का ते आधी बघायचा.

काळजी एकच होती. शेजारी दुसरं झाड नव्हतं. एकट्या झाडाला बी धरतं की नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पहिलं फूल गळलं आणि त्याच्या मागचा देठही वाळून गळला. दुसऱ्याचंही तसंच झालं. त्या दिवशी चहा कुणीच प्यालं नाही.

"तेव्हाच खुडायला हवी होती का, सर?" बाईंनी विचारलं.

"मला विचारलं असतंत, तर मी खुडा म्हणालो असतो," ते म्हणाले. "बरं झालं, विचारलं नाहीत."

तिसऱ्या फुलामागचा देठ मात्र हिरवाच राहिला. दोन दिवसांनी तो थोडा फुगला. सर पोटावर पालथे पडून भिंगातून बघत होते आणि उठायला तयार नव्हते. "धरलंय," ते म्हणाले. त्यांना उठवायला बाईंना आणि मामाला दोन्हीकडून हात द्यावे लागले.

एकदा शेळ्या आल्याच. त्यांच्यामागे त्यांची मालकीण होती. तिने मला पाहिलं, आतल्या रोपाला पाहिलं, मग या दोघांना.

"एवढ्याशा झाडाला दोन माणसं?" ती म्हणाली. "माझ्या एवढ्या शेळ्यांना मी एकटी पुरते."

"तुमच्या शेळ्या पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या. "ही एकच आहे."

ती शेळीवाली खाली वाकून बघत राहिली. मग तोंडाने एक आवाज काढला आणि शेळ्या दुसऱ्या अंगाने वळवल्या. पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही.

आणि मग मोजणीची माणसं आली. लाल रंग दिलेल्या खुंट्या, हातोडे, साखळी. सोबत ते तरुण इंजिनिअर होते. रेघ सरळ आमच्या खडकावरून जात होती. सर उठून उभे राहिले. वाकलेले असूनही त्या दिवशी ते उंच दिसले.

"सर, तुम्ही इथे?" इंजिनिअर गोंधळले.

"तुम्ही म्हणालात, असेल तर दाखवा. दाखवायलाच बसलोय."

इंजिनिअरांनी माझ्या फटीतून डोकावलं. दुपारची वेळ होती. झोपाळी नेहमीप्रमाणे मान खाली घालून झोपली होती. "हे?" ते म्हणाले.

"आत्ता झोपलीय. ऊन उतरेपर्यंत थांबा. चहा घ्या."

माणसांना पुढच्या कामाला पाठवून इंजिनिअर थांबले. साखर घातलेला चहा शेवटी कुणीतरी आनंदाने प्यायलं. ऊन कललं, डोंगराचा रंग तांबड्यावरून जांभळ्यावर गेला, आणि शेवटची कळी उघडायला लागली. पतंग आला, माझ्या कडेवर बसला, आत उतरला, निघून गेला. इंजिनिअर मांडी घालून वाळूतच बसले होते.

"रस्ता माझ्या हातात नाही," उठताना ते म्हणाले. "पण वर काय लिहायचं ते माझ्या हातात आहे. मला तुमच्याकडून पक्की नोंद लागेल."

"देतो," सर म्हणाले. "पिकू द्या तेवढं."

इंजिनिअरांनी लाल खुंटी उचलून खांद्यावर टाकली आणि ती तिथे न ठोकताच खाली गेले.

बोंडं पिकली. एका कोरड्या सकाळी जोराचा वारा सुटला आणि ती एकेक करून तडकली. काळं बी माझ्या फळ्यांवर टपटप आदळलं, माझ्या फटींतून बाहेर उडालं, वाळूत मिसळून दिसेनासं झालं. बाईंनी हात पुढे केला होता, पण मूठ मिटली नाही. सर म्हणाले, "जाऊ द्या. ते तिचं आहे."

आणखी चार-पाच दिवसांनी रोप पूर्ण वाळलं. सरांनी ते स्वतः मुळासकट उपटलं. मग माझ्या फळ्या वाळूतून काढल्या, पुसल्या, मला पुन्हा बांधलं, आणि त्या वाळक्या काडीला गळलेल्या फुलांशेजारी निजवलं. दाबायला माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं. मी फक्त तिला सांभाळून खाली आणलं.

नोंद झाली. तो कागद आजही या कपाटात आहे, तुम्ही सांगितलंत तर दाखवतील. बघायला काही विशेष नाही. एक काडी, रिकामी बोंडं, तपकिरी झालेल्या पाकळ्या. पण रस्ता खिंडीतल्या कोरड्या ओढ्याच्या पलीकडच्या अंगाने गेला. पूर्णपणे टळला नाही, गाड्यांची धूळ या उतारावरही येते. पण उतार राहिला.

त्यानंतर पाऊस आला नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. सर निवृत्त झाले, पण अधूनमधून काठी टेकत इथे येत. कोट उतरवण्याआधी विचारत, "झोपाळी?" बाई मान हलवत. "झोपू द्या," सर म्हणत आणि आपल्या जुन्या खुर्चीवर बसून बिनसाखरेचा चहा पीत. तिसऱ्या वर्षी ते यायचे थांबले. त्यांचा कोट त्यांच्या मुलीने हर्बेरियमला आणून दिला, कारण त्यांच्या घरात कुणालाच तो वास सहन होत नव्हता. बाईंनी तो खुंटीवर लावला.

सर गेल्यानंतर आणखी दोन वर्षांनी डोंगरावर ढग उतरले. बाईंचे केस तोवर पिकले होते. त्या मला घेऊन वर चढल्या, दर दहा पावलांना थांबत. उताराशी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बाई खडकाला टेकून बसल्या.

आधी एक कळी उघडली. मग तिच्याजवळ दुसरी. मग खडकाच्या मागे, खालच्या घळीच्या तोंडाशी, वाळूत सगळीकडे. फार नव्हती, मित्रांनो. एका मोठ्या खोलीत मावतील एवढी. पण त्या अंधुक उजेडात ती एकेक करून जागी होत होती, आणि कुणीतरी घरात दिवे लावत चाललं आहे असं वाटत होतं. बाईंनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

सकाळी त्यांनी सगळी झाडं पाहून घेतली आणि दाटीतलं एक खुडलं. फक्त एक. परत आल्यावर चिठ्ठी लिहायला बसल्या. गोळा करणाऱ्याच्या जागी सरांचंही नाव घालावं, असं त्यांच्या फार मनात होतं. पेन उचललं आणि थांबल्या. "रागावतील," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मी तिथे नव्हतो, माझं नाव कशाला, म्हणतील." मग शेवटच्या ओळीत त्यांनी एवढंच लिहिलं: 'पूर्वी याच जागी सरांनी या फुलाची राखण केली होती.'

आता बाईही निवृत्त झाल्या आहेत. नव्या मंडळींकडे हलक्या, नव्या प्रेस आहेत. त्या बऱ्या आहेत, पाठीला भार होत नाही. माझं एक बकल तुटलं, एका पट्टीला वाळवी लागली. मध्यंतरी कुणीतरी मला खिडकी उघडी राहावी म्हणून अडकवून ठेवलं होतं. तेव्हा पाऊस लागला आणि माझं लाकूड फुगलं. मी तक्रार करत नाही. पण तुमच्या घरी एखादं जुनं, कामाचं अवजार पडलेलं असेल, तर ते कोरड्या जागी ठेवा, कधी तरी फडक्याने पुसा. ते कुणाच्या तरी हातचं असतं.

आणि एक मागणं आहे. रानात गेलात, फूल दिसलं, की हात आपोआप पुढे जाईल. मी तर त्याचसाठी घडले, मी तुम्हाला कोणत्या तोंडाने नको म्हणू? पण खुडण्याआधी आजूबाजूला नीट बघा. त्याच्या जातीची आणखी असतील, तर एखादं घ्या आणि जपून न्या. एकटंच असेल, तर खाली बसा. वेळ असेल तर ऊन उतरेपर्यंत थांबा. मग उठा आणि रिकाम्या हातांनी घरी या. "एवढं चढून गेलात आणि काहीच आणलं नाहीत?" असं म्हणून कुणी हसलं, तर वाद घालू नका. त्यांना इथे माझ्याकडे पाठवा.